एरोस्पेसला परदेशात स्कॉलरशिपवर जायचंय? आधी पासपोर्ट बघा, मग युनिव्हर्सिटी

मी एरोस्पेसमध्ये मास्टर्स केलं, युरोपात, स्कॉलरशिपवर, आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट उलट्या क्रमाने केली. आधी रँकिंगची यादी उघडली, वरची पाच नावं वहीत उतरवली, मग त्यांची फी बघून पोटात गोळा आला, मग स्कॉलरशिप शोधायला बसले तर निम्म्यांच्या तारखा उलटून गेलेल्या, आणि सगळ्यात शेवटी, ॲडमिशनचा ईमेल हातात आल्यावर, कळलं की या विषयात तुमच्या पासपोर्टवर कुठला देश छापलाय यावर बरंच काही ठरतं. एक अख्खं वर्ष गेलं त्यात. तुमचं जाऊ नये म्हणून हे लिहितेय.

एक आधीच सांगते, कॉम्प्युटर सायन्सला गेलेल्या मित्रांचे सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत. त्यांना जे प्रश्न कधी पडतच नाहीत तेच आपल्याला पहिल्या दिवसापासून पडतात.

१. कुठली दारं आपल्याला बंद आहेत ते आधी शोधा

अंतराळात जाणारं रॉकेट आणि मिसाईल यांचं इंजिनिअरिंग बरंचसं एकच असतं, आणि सगळी भानगड तिथून सुरू होते. त्यामुळे बहुतेक देशांनी या ज्ञानावर निर्यात नियंत्रण घातलंय, आणि परदेशी विद्यार्थ्याला लॅबमध्ये एखादी गोष्ट दाखवणं हीसुद्धा 'निर्यात' धरली जाऊ शकते.

अमेरिकेत या नियमांना आयटार म्हणतात. वर्गातले कोर्स आणि जे संशोधन खुलेपणाने छापलं जाणार आहे ते आपल्याला साधारणपणे खुलं असतं. पण लॅबमधले काही प्रोजेक्ट फक्त 'यूएस पर्सन'साठी असतात, म्हणजे तिथला नागरिक, ग्रीनकार्डवाला किंवा आश्रय मिळालेला माणूस. स्टुडंट व्हिसावाला त्यात बसत नाही. शिकून झाल्यावर तर हे जास्तच टोचतं, कारण नासाच्या थेट सरकारी नोकऱ्या नागरिकांसाठी असतात आणि स्पेसएक्ससारख्या रॉकेट कंपन्याही जाहिरातीतच यूएस पर्सनची अट लिहितात. ज्याला रॉकेटच बनवायचंय त्याने हे डोळे उघडे ठेवून वाचावं. ज्याला पीएचडी, सीएफडी (म्हणजे हवेच्या प्रवाहाचं कॉम्प्युटरवरचं गणित), प्रवासी विमानं, ड्रोनचं कंट्रोल यात रस आहे त्याच्यासाठी अमेरिका अजूनही उत्तमच आहे, त्यामुळे हे वाचून लगेच नाव खोडू नका.

युरोपात ईएसए ही अंतराळ संस्था आहे, तिचे २३ सदस्य देश आहेत आणि तिथल्या जवळजवळ सगळ्या जागा, ट्रेनीच्यासुद्धा, त्या देशांच्या किंवा त्यांच्याशी करार असलेल्या मोजक्या देशांच्या नागरिकांना. ब्रिटनमध्ये असे संवेदनशील विषय शिकायला एटास नावाची परवानगी लागते, तिच्याबद्दल व्हिसाच्या पायरीत सांगते.

मग करायचं काय? ज्या ग्रुपमध्ये थीसिस करायची इच्छा आहे तिथल्या एका माणसाला, प्रोफेसर नको, पीएचडी करणाऱ्याला, दोन ओळींचा ईमेल टाका: माझं नागरिकत्व अमुक, तुमच्या ग्रुपमधले कुठले विषय माझ्यासारख्याला खुले आहेत? मी सहा जणांना विचारलं, चौघांनी उत्तर दिलं, आणि त्यातल्या एकाने स्पष्ट लिहिलं की आमच्याकडचं प्रोपल्शनचं, म्हणजे इंजिनांचं, काम बहुतेक बंद आहे पण कंपोझिट मटेरियलवालं सगळं खुलं आहे. ही माहिती कुठल्याही माहितीपत्रकात मिळत नाही.

२. स्कॉलरशिप आधी, कोर्स नंतर

स्कॉलरशिपचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाची गोची वेगळी आहे. मला माहीत असलेल्या सांगते.

इरास्मस मुंडस: किमान दोन देशांत शिकायचं, फी माफ, वर महिना १४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. इथे स्कॉलरशिपसाठी वेगळा अर्ज नसतो, कोर्सचा अर्ज हाच स्कॉलरशिपचा अर्ज. तारखा बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारी. लक्षात ठेवा, १४०० मध्येच विमानाचं तिकीट, व्हिसा, घराचं डिपॉझिट सगळं आलं, वेगळं काही मिळत नाही.

आयफेल: फ्रान्सची. तुम्ही थेट अर्ज करूच शकत नाही, कॉलेज तुमचं नाव पाठवतं, आणि दोन कॉलेजांनी पाठवलं तर तुम्ही बाद. हा सापळा लोकांना कळतच नाही, ते हौसेने चार ठिकाणी 'माझं नाव पाठवा' म्हणून सांगून ठेवतात. मास्टर्ससाठी वयाची अट कडक आहे. आणि आयफेलमध्ये फी येत नाही, फक्त महिन्याचा भत्ता आणि प्रवास-विमा असं मिळतं, म्हणजे फीचं काय ते कॉलेजशी आधीच बोलून घ्या. आयफेलची अधिकृत तारीख जानेवारीत असते पण कॉलेजची आतली तारीख त्याच्या कितीतरी आधी संपते.

डाड: जर्मनीची, १९२५ पासूनची संस्था. मास्टर्सच्या स्कॉलरशिपला शेवटची डिग्री साधारण सहा वर्षांच्या आतली लागते, आणि आधीच १५ महिन्यांहून जास्त जर्मनीत राहिलेल्यांना घेत नाहीत. म्हणजे 'आधी जाऊन बघू, मग अर्ज करू' हे इथे चालत नाही.

मेक्स्ट: जपान सरकारची. दूतावासातून गेलात तर निघायच्या जवळजवळ वर्षभर आधी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला अर्ज, लेखी परीक्षा, मुलाखत, आणि मग जपानमधल्या प्रोफेसरचं संमतीपत्र तुम्हीच मिळवायचं. वेळखाऊ आहे पण फी, भत्ता, जाण्यायेण्याचं तिकीट सगळं मिळतं.

चेव्हनिंग: ब्रिटनची, एक वर्षाचं मास्टर्स. २८०० तासांचा कामाचा अनुभव हवा आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परत यायचं.

फुलब्राइट: अमेरिकेची. जे-१ व्हिसावर जायचं, आणि त्याला दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागते. ती पूर्ण होईपर्यंत एच-१बी किंवा ग्रीनकार्ड मिळत नाही.

याशिवाय अमेरिकेत टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप असते, ती स्कॉलरशिपपेक्षा नोकरीच जास्त. पीएचडीला सर्रास मिळते, मास्टर्सला थीसिसवाल्यांना थोडीफार, बिनथीसिसवाल्यांनी फार आशा ठेवू नये.

माझा सल्ला म्हणाल तर सप्टेंबरमध्ये क्लास सुरू होणार असतील तर आदल्या वर्षीच्या मार्चपासून कामाला लागा. दीड वर्ष खूप वाटतं. वाटू दे.

३. आता कोर्स

'एरोस्पेस' या पाटीखाली चार वेगळी दुकानं असतात. विमानं, म्हणजे एरोडायनॅमिक्स, स्ट्रक्चर, फ्लाइट मेकॅनिक्स. अंतराळ, म्हणजे ऑर्बिट, सॅटेलाइट, रॉकेट. प्रोपल्शन दोन्हीकडे पाय ठेवून. आणि एव्हिऑनिक्स-कंट्रोल, जिथे अर्धे लोक इलेक्ट्रॉनिक्सचे असतात. तुमचं कुठलं ते ठरवा, नाहीतर एसओपी, म्हणजे 'मला हेच का शिकायचंय' सांगणारा अर्जातला निबंध, पांचट होते.

जागांचं थोडं सांगते. नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट, बॅचलर्सला दरवर्षी ४४० जागा, इंग्रजीत, आणि अर्जाची तारीख १५ जानेवारी, एक दिवसही इकडेतिकडे नाही. फ्रान्समध्ये तुलूझ, तिथलं सुपएरो १९०९ मध्ये पॅरिसला सुरू झालं आणि १९६८ मध्ये तुलूझला हललं, शेजारीच एअरबस, त्यामुळे इंटर्नशिपला सोपं. जर्मनीत श्टुटगार्ट आणि म्युनिक. जर्मनीत शिक्षण फुकट हे सगळीकडे खरं नाही बरं का, श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ च्या हिवाळी सेमिस्टरपासून नव्या विद्यार्थ्यांना फी लावलीय. ब्रिटनमध्ये क्रॅनफील्ड फक्त पदव्युत्तर आहे आणि त्यांचा स्वतःचा विमानतळ आहे. स्वीडनमध्ये पार उत्तरेला, आर्क्टिक सर्कलच्या वर, किरुनाला लुलेओ युनिव्हर्सिटीचा स्पेस कॅम्पस आहे, थंडीत सूर्य काही दिवस उगवतच नाही, हेही जमेत धरा.

मेकॅनिकलमधून येणाऱ्यांनी फ्लुइड मेकॅनिक्स, थर्मो, कंट्रोल आणि गणित यांचे किती क्रेडिट झालेत ते मोजून ठेवा. युरोपात क्रेडिट म्हणजे ईसीटीएस, वर्षाला ६०, एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. कमी पडलं तर सरळ नाकारतात किंवा वर ब्रिज कोर्स लावतात, आणि तो लागला की दोन वर्षांचं अडीच होतं पण स्कॉलरशिप दोनचीच राहते. हा प्रश्न अर्जाआधी लेखी विचारून घ्या.

जर्मन ग्रेडची भीती घालवायची असेल तर सूत्र हे: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल वजा पासच्या गुणांनी भागा, तिनाने गुणा, एक मिळवा. १० पैकी ८.२, पास ४ ला, तर १.८ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे १.९. तिथे १.० सर्वात चांगलं आणि ४.० काठावर पास, त्यामुळे १.९ बघून रडू नका.

४. कागदपत्रं

ही यादी प्रिंट काढून भिंतीला लावा:

- पासपोर्ट, कोर्स संपल्यावरही सहा महिने तरी चालेल असा
- सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट आणि डिग्री, अजून मिळाली नसेल तर प्रोव्हिजनल
- ग्रेडिंग पद्धत समजावणारं कॉलेजचं पत्र
- सिलॅबस, प्रत्येक विषयाचा, तासांसकट
- आयएल्ट्स किंवा टोफेल, दोन वर्षं चालतं. अमेरिकेत काही ठिकाणी जीआरई, ते पाच वर्षं
- दोन किंवा तीन शिफारसपत्रं
- एसओपी आणि सीव्ही
- प्रोजेक्टचा दोन पानी सारांश, आकृतीसकट
- जिथे मागतील तिथे अपोस्टिल केलेल्या (परदेशात चालणारा सरकारी शिक्का मारलेल्या) प्रती
- जर्मनीला जायचं तर भारत, चीन, व्हिएतनामच्या विद्यार्थ्यांना एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे कागदपत्रं तपासल्याचा दाखला

यातला सिलॅबस सगळ्यांना क्षुल्लक वाटतो आणि तोच नडतो. माझ्याकडे चौथ्या सेमिस्टरचा जुना सिलॅबस होता, त्यात एका विषयाचं नुसतं नाव आणि खाली 'युनिट १ ते ५' एवढंच, तास नाहीत, पुस्तकं नाहीत. कॉलेजच्या ऑफिसात तीन चकरा मारल्या, शेवटी विभागातल्या एका मॅडमनी कपाटातून मूळ फाइल काढून दिली, तिच्यावरची धूळ अजून आठवते. ४२ पानं स्कॅन केली मी. तुम्ही कॉलेज सोडायच्या आधीच हे काम उरका, नंतर तिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही.

शिफारसपत्र देणाऱ्या सरांना तारखेच्या सहा आठवडे आधी सांगा, सोबत तुमचा सीव्ही आणि त्यांच्याकडे तुम्ही काय केलंत त्याचे चार मुद्दे द्या. 'सर तुम्हीच लिहा काहीही' म्हणालात तर खरंच काहीही लिहितात.

५. एसओपी

'लहानपणी आकाशात विमान बघितलं आणि ठरवलं' ही ओळ काढून टाका. निवड करणाऱ्यांनी ती हजारदा वाचलीय. त्याऐवजी तुमच्या प्रोजेक्टमधली एक फसलेली गोष्ट घ्या आणि ती का फसली ते सांगा. पंख विंड टनेलमध्ये नीट चालला आणि उडवल्यावर फडफडला, मग रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह कसा वागेल ते सांगणारा आकडा) काढून बघितला तेव्हा कळलं की दोन्हीकडचा प्रवाहच सारखा नव्हता, असं काहीतरी. एक परिच्छेद पुरे.

आणि लष्करी वाटतील असे शब्द जपून, पण खोटं अजिबात नाही. नागरी कामच केलं असेल तर ते नागरी आहे हे ठळकपणे दिसू द्या.

६. मुलाखत

माझ्या मुलाखतीला तिघं होते, स्क्रीनवर. पहिली दहा मिनिटं सगळं गोड गोड, आणि मग एक वयस्कर प्रोफेसर म्हणाले, विमानाचा पंख वर का उचलला जातो ते सांगा. मी मनात हसले, एवढं सोपं! पंखाचा वरचा भाग फुगीर, म्हणून वरच्या हवेला लांबचा रस्ता, दोन्हीकडची हवा मागच्या टोकाला एकाच वेळी पोचायला हवी, म्हणून वरची जोरात पळते, म्हणून दाब कमी.

ते शांतपणे म्हणाले, एकाच वेळी पोचायला हवी असं कोणी ठरवलं?

मी गप्प. मग म्हणाले, आणि एअर शोमध्ये विमान उलटं उडतं ते कसं?

तेव्हा डोक्यात एनएसीए ००१२ हा पंखाचा छेद आला, वर-खाली अगदी सारखा आकार, तरीही थोडा कोन दिला की लिफ्ट मिळतेच. मी म्हणाले सर, मी आत्ता सांगितलं ते चूक आहे, पंख हवेला खाली वळवतो, त्याच्या आजूबाजूला दाब बदलतो, आणि वरची हवा खरं तर खालच्याच्या आधी पोचते. ते हसले. नंतर कळलं की हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारायचे आणि बहुतेक जण तीच चूक करायचे, त्यांना बघायचं असायचं की माणूस स्वतःची चूक धरून बसतो की सोडतो.

तर मूळ गोष्टी पुन्हा वाचा. लिफ्ट, स्टॉल, स्टॅबिलिटी, रॉकेट समीकरण, बीममधला ताण. भारी सॉफ्टवेअरची नावं कोणी विचारत नाही.

७. व्हिसा, आणि त्याआधीची परवानगी

ब्रिटनला जाणाऱ्यांनी एटास आधी काढायचं, व्हिसा त्यानंतर. अमेरिका, कॅनडा, जपान आणि युरोपियन युनियनसारख्या काही देशांच्या नागरिकांना सूट आहे, बाकीच्यांना एरोस्पेससाठी लागतंच. फुकट आहे पण आठवडे जातात, आणि उन्हाळ्यात गर्दी असते. युनिव्हर्सिटीकडून कोर्सचा कोड आणि विषयांचं वर्णन जसंच्या तसं घ्या, स्वतःच्या शब्दांत सुधारायला जाऊ नका. पुढे थीसिसचा विषय फार बदलला तर पुन्हा काढावं लागू शकतं.

अमेरिकेत मुलाखतीनंतर ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसेसिंग नावाचा प्रकार होऊ शकतो, संवेदनशील विषय बघून फाइल तपासायला जाते. यात घाबरण्यासारखं काही नाही पण वेळेचा भरवसा नाही, म्हणून तिकीट परत करता येईल असंच काढा.

माझा अनुभव दुसऱ्याच एका देशाचा. बॅचलर्सच्या प्रोजेक्टचं नाव आम्ही उत्साहाच्या भरात 'सुपरसॉनिक मिसाईल नोज कोनचं विश्लेषण' असं ठेवलं होतं, खरं तर तो पुस्तकातला साधा शंकू होता आणि वरची शॉक वेव्ह मोजली होती, बस. खिडकीपलीकडच्या बाईंनी तो एक शब्द बोटाने दाखवला, आत गेल्या, आणि पासपोर्ट सात आठवड्यांनी परत आला. अशा वेळी सीव्ही, प्रोजेक्टचा सारांश आणि पुढच्या अभ्यासाचा प्लॅन एकेका पानावर साध्या भाषेत तयार ठेवलेला असला तर बरं पडतं. आणि अजून प्रोजेक्टचं नाव द्यायचं असेल तर, हसू नका, जरा विचार करून द्या.

८. पैसे

स्कॉलरशिप मिळाली म्हणजे पहिल्या दिवशी पैसे हातात आले असं नाही. पहिला हप्ता बँक खातं उघडल्यावर येतो, खात्याला पत्ता लागतो, पत्त्याला घर लागतं, घराला डिपॉझिट लागतं आणि डिपॉझिटला पैसे लागतात. जर्मनीत घरात आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते आणि त्याला घरमालकाचं पत्र लागतं, म्हणून 'नोंदणी करता येणार नाही' असं लिहिलेली स्वस्त खोली घेऊच नका. किमान दोन महिन्यांचा खर्च स्वतःजवळ ठेवा. मला पहिला हप्ता सातव्या आठवड्यात मिळाला.

घर न बघता डिपॉझिट पाठवायचं नाही. कितीही गोड बोलला तरी.

अमेरिकेत स्कॉलरशिपमधला राहण्याखाण्याचा भाग साधारणपणे करपात्र असतो, फीचा नसतो, आणि काहीही कमाई नसली तरी टॅक्सवाल्यांचा फॉर्म ८८४३ भरायचा असतो. हे पहिल्या वर्षी बहुतेक जण विसरतात.

स्कॉलरशिपचं पत्र शेवटपर्यंत वाचा. सेमिस्टरला किती क्रेडिट पास व्हायलाच हवेत, आजारी पडलात तर काय, दुसरी स्कॉलरशिप चालते का, हे सगळं बारीक अक्षरात असतं.

९. पहिलं सेमिस्टर

जायच्या आधी मॅटलॅब आणि पायथन हाताखालून गेलेलं असू द्या. एक्सफॉइल आणि ओपनफोम ही प्रवाहाचं गणित करणारी सॉफ्टवेअरं फुकट आहेत, घरी बसून शिकता येतात. कॅटिया, ॲन्सिस तिथे गेल्यावर मिळतं.

सीएफडीच्या पहिल्या असाइनमेंटला मी लाल-निळ्या रंगांची अशी सुंदर चित्रं काढली होती की स्वतःवरच खूश. शिकवणाऱ्याने एकही चित्र बघितलं नाही. म्हणाला, मेश (गणितासाठी आखलेली जाळी) बारीक केल्यावर उत्तर बदलतं का? भिंतीजवळचं वाय प्लस, म्हणजे तिथली जाळी किती बारीक त्याचा आकडा, किती आहे? ते ९० होतं आणि मी वापरलेल्या मॉडेलला एकच्या आसपास हवं होतं. दहापैकी चार.

मार्कांबद्दल: फ्रान्समध्ये २० पैकी १० ला पास आणि १६ म्हणजे फारच भारी. नेदरलँड्समध्ये १० पैकी १० कोणाला फारसं मिळत नाही. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी एका पेपरला तीनच संधी, तिसऱ्यांदा नापास झालात तर कोर्समधूनच बाहेर, म्हणून तयारी नसताना 'बसून तर बघू' म्हणून पेपर देऊ नका.

१०. इंटर्नशिप आणि थीसिस

हे तिसऱ्या सेमिस्टरमध्ये बघू म्हणाल तर उशीर झालेला असेल. फ्रान्समध्ये बऱ्याच लॅब संरक्षित क्षेत्रात मोडतात, तिथे आत पाऊल टाकायला सरकारी मंजुरी लागते आणि तिला दोन महिने लागू शकतात. वर इंटर्नशिपला तुम्ही, कॉलेज आणि कंपनी अशा तिघांच्या सह्यांचा करार लागतो. माझ्या वर्गातल्या एकीला मार्चमध्ये सुरू व्हायचं होतं, तिने जानेवारीच्या शेवटी कागद दिले आणि मार्चभर ती कंपनीच्या गेटबाहेरच्या व्हिजिटर रूममध्ये लॅपटॉप घेऊन बसायची, कारण आत न्यायची परवानगी नव्हती. ऑक्टोबरमध्ये अर्ज, डिसेंबरपर्यंत होकार, आणि होकार आला त्याच दिवशी पासपोर्टची प्रत आणि सीव्ही त्यांच्या सिक्युरिटी ऑफिसला पाठवून द्यायचा.